भयमुक्त वर्ग ते भ्रमणध्वनी : दादर परिसरातील शालेय मुलांच्या मानसिक आधाराचा इतिहास (1936 ते 2025)

प्रस्तावना

शालेय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि त्यांची इंटरनेटवरील सुरक्षितता हे प्रश्न एकविसाव्या शतकात निर्माण झाले, असा समज शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. समुपदेशक, हेल्पलाइन, सायबर सुरक्षा ही शब्दावली नवी आहे हे खरे. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच जुना आहे. मुलाच्या मनात जे सलते ते त्याने कोणत्या मोठ्या माणसाजवळ बोलावे आणि बोलल्यानंतर त्याचे काय होईल, हा तो प्रश्न होय. मुंबईतील दादर व त्याला लागून असलेल्या परळ-नायगाव भागात या प्रश्नाला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्यातील काही टप्प्यांचा विचार केला आहे.

हिंदू कॉलनीतील शिशुविहार

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागाची आखणी केली. त्यातून हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या वसाहती आकारास आल्या. येथे स्थिरावलेला मराठी मध्यमवर्ग प्रामुख्याने नोकरदार होता. शेत नाही, पेढी नाही; मुलांचे शिक्षण हेच त्याचे भांडवल होते. शाळेकडून या वर्गाने ठेवलेल्या अपेक्षांचे आणि मुलांवर आलेल्या ओझ्याचे मूळ येथे शोधावे लागते.

याच हिंदू कॉलनीत 1936 मध्ये ताराबाई मोडक यांनी शिशुविहार सुरू केले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर त्या मुंबईस आल्या होत्या. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना त्याआधीच, 1926 मध्ये झाली होती. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देणाऱ्या या परंपरेचा शिक्षा आणि बक्षीस या दोहोंनाही विरोध होता. शिक्षेने मूल भिते आणि बक्षिसाने लाचावते. दोन्ही प्रकारांत ते शिक्षकाला हवे तेच दाखवू लागते, उरलेले लपवते. मानसिक आरोग्य हा शब्द येथे क्वचितच उच्चारला गेला असेल. परंतु मुलाने मोठ्यांपासून काही लपवण्याची गरज पडू नये, अशी वर्गाची रचना करणे हे मानसिक आरोग्याचेच कार्य होते.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तो शालापूर्व वयापुरता होता. शिशुविहारातून बाहेर पडलेले मूल पहिलीच्या वर्गात गेले की तेथे छडी आणि पहिला-दुसरा क्रमांक त्याची वाट पाहात असत. ताराबाईंचे कार्यही 1945 पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथील आदिवासी मुलांकडे वळले. ते अधिक निकडीचे होते, यात शंका नाही. मात्र दादरच्या माध्यमिक शाळांच्या वर्गांपर्यंत हा विचार पोहोचला नाही.

बालमार्गदर्शन केंद्र आणि गृहभेटी

शिशुविहारानंतर एका वर्षाने, दादरपासून काही मैलांवर भायखळ्याच्या नागपाडा भागात दुसरा प्रयत्न झाला. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने 1936 मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातील असे हे पहिले केंद्र मानले जाते. पुढे या कामाचा संबंध परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयाशी आला, आणि दादर-लालबागच्या पालकांना ते चालत जाण्याच्या अंतरावर आले.

या केंद्रांची कार्यपद्धती अमेरिकेतील बालमार्गदर्शन चळवळीतून आली होती. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असे तिघे मिळून एका मुलाचा विचार करीत. यांपैकी तिसऱ्या व्यक्तीचे महत्त्व आज विस्मरणात गेले आहे. मूल वर्गात गप्प का बसते, याचे उत्तर वर्गात मिळतेच असे नाही. चाळीतील खोलीत, बापाच्या पाळीत, आईच्या आजारपणात ते असू शकते. सामाजिक कार्यकर्त्याचे काम घरी जाणे, शाळेत जाणे आणि दोन्हीकडचे ऐकून केंद्रात परत येणे हे होते. मुलाने आपली व्यथा शब्दांत मांडावी अशी अट या पद्धतीत नव्हती. ते बोलले नाही तरी कोणीतरी त्याच्यापर्यंत जात असे.

गुणांचे युग

स्वातंत्र्योत्तर काळात शाळांमध्ये ‘मार्गदर्शन’ हा शब्द रुळला, परंतु त्याचा अर्थ व्यवसाय मार्गदर्शन असा झाला. अभियोग्यता कसोट्या आल्या, शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण मिळाले. मुलगा काय होणार याची चौकशी होऊ लागली. तो कसा आहे, याची नाही. शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी जाहीर झाली की तीत दादरच्या शाळांची नावे शोधली जात. त्या यादीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला तिच्या दुसऱ्या बाजूची जाणीव फार उशिरा झाली.

जानेवारी 2010 मध्ये मुंबई परिसरातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची वृत्ते लागोपाठ प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सातवीतील एका मुलाची घटना दादरच्या एका शाळेच्या आवारातच घडली होती. अशा मृत्यूंची कारणे एका परीक्षेवर किंवा एका व्यक्तीवर लादणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. परंतु त्या वेळच्या चर्चेचे स्वरूप इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवावे असे आहे. 25 डिसेंबर 2009 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाचा प्रभाव, पालकांच्या अपेक्षा, अभ्यासक्रमाचा बोजा यांवर रकाने भरले. आत्महत्येचे वृत्त कसे द्यावे यासंबंधी वृत्तमाध्यमांसाठी, आणि धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत यासंबंधी शिक्षकांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने स्वतंत्र पुस्तिका 2000 मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या. दादर पूर्वेला, दादासाहेब फाळके मार्गावर, निराश माणसाचे केवळ ऐकून घेणारी ‘समॅरिटन्स’ ही स्वयंसेवी संस्था कार्यरत होती. 1996 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून मुंबईत सुरू झालेली 1098 ही ‘चाइल्डलाइन’ही होती. म्हणजे ऐकणारे होते. शाळेतील बाकापासून त्यांच्यापर्यंत मुलाला नेणारे मात्र फारसे कोणी उरले नव्हते.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. शिशुविहाराचा विचार चौऱ्याहत्तर वर्षांनी, सहा ते चौदा वयोगटापुरता, कायद्यात आला असे म्हणता येईल.

चौथी जागा

घर, शाळा आणि केंद्र या तीन जागांमध्ये वावरणाऱ्या मुलाला पुढील दशकात चौथी जागा मिळाली. नायगावच्या बीडीडी चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला एकांत नव्हता. भ्रमणध्वनी हा त्याचा पहिला एकांत ठरला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि काल शाळेने जप्त केलेले यंत्रच शाळा बनले. छेडछाड, बदनामी, छायाचित्रांवरून होणारी धमकावणी यांना त्यातून घरात वाट मिळाली.

कायद्याने या जागेची दखल घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम 67-ब ऑक्टोबर 2009 पासून अंमलात आले, आणि 2012 च्या पोक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती मिळताच ती कळवणे बंधनकारक केले. येथे शिक्षकापुढे खरा पेच उभा राहतो. विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट शिक्षकाला स्वतःजवळ ठेवता येत नाही. हे बंधन योग्यच आहे, कारण मौनाचा लाभ अपराध्यालाच होतो. परंतु सांगितल्यावर पुढे काय घडेल हे मुलीला आधी ठाऊक नसेल, किंवा ‘फोन हातात घेतलासच का?’ हाच पहिला प्रश्न येणार असेल, तर ती सांगणारच नाही. फोन काढून घेतला जाण्याची भीती ही छडीच्या भीतीचीच आजची आवृत्ती आहे. शाळेच्या मार्गिकांत कॅमेरे बसवल्याने तेथे काय घडते ते दिसेल. रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली काय घडते ते दिसणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होत्या, आणि हा आकडा राज्यांमध्ये सर्वाधिक होता. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक अथवा तत्सम तज्ज्ञ नेमणे आवश्यक ठरले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. मुंबईतील मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटत आहे. दादर-परळमधील ज्या शाळांचा पट शंभराखाली उतरेल, त्यांना पुन्हा 1937 ची वाट धरावी लागेल, आणि मुलाचा हात धरून ती वाट चालणारा माणूस कोणाच्या वेतनपत्रकावर असेल, हे त्या शाळांना ठरवावे लागेल.