चौकटीवरची कप्पी

१९८४ साली आमच्या चुलत्यांच्या अंगावरून वारं गेलं. वाकड तेव्हा गाव होतं, महापालिकेत यायला १९९७ साल उजाडलं. स्ट्रोक हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पुढं काय करायचं, ते ओट्यावर ठरे: कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगे, कुणी म्हातोबाला नवस बोलायला. ‘वारं’ या शब्दाला मात्र मी हसत नाही. आयुर्वेदानं पक्षाघात वातविकारांतच घातलाय, अर्धांगवायूतला वायूही तोच. चुलते सात वर्षं खाटेवर होते. हात रोज हलवत राहा, एवढं सांगणारंही कुणी भेटलं नाही.

माझी पाळी २०११ मध्ये आली. मी टर्नर. सेकंड शिफ्टला उजव्या हातातला मायक्रोमीटर गळून पडला. घरी सोडताना दवाखान्यानं व्यायामाचं झेरॉक्स पान हातात ठेवलं. त्यावर काड्यांची माणसं, खाली इंग्रजी. सहाव्या व्यायामाला पान संपलं, दुसरं आलंच नाही. मग शेजारी मदतीला आले. त्यांच्या आखडलेल्या खांद्याला कप्पीनं गुण आला होता. बायकोनं दाराच्या चौकटीला कप्पी ठोकली, नायलॉनची दोरी ओवली. डाव्या हातानं ओढलं की उजवा वर जाई. जन्मभर कप्प्या-पुल्या हाताळलेला माणूस मी, खूश झालो. महिन्याभरात खांदा असा धरला की रात्री कूस बदलता येईना.

खरं काय ते सहा वर्षांनी मुलाच्या मोबाइलवर कळलं. लुळ्या पडलेल्या हाताला डोक्यावर ओढणारी कप्पी नको, असं अमेरिकेतल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय. सैल पडलेला खांदा ओढानं दुखावतो.

मोबाइलनं सगळं सुटतं असंही नाही. आपल्याकडे ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर ‘स्प्रिंट इंडिया’ नावाची चाचणी झाली. अर्ध्यांना १२ भाषांतून मेसेज, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला: त्यानं पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. औषधं नेमानं घेणारे आणि दारू-सिगारेट सोडणारे मात्र वाढले. मला तेवढंही पुष्कळ वाटतं. चुलत्यांना तेवढंही मिळालं नव्हतं.

तुमच्या घरात पक्षाघाताचं माणूस असेल आणि चौकटीला कप्पी असेल, तर दोरी आजच सोडा. फिजिओथेरपिस्टला व्यायाम मराठीत बोलून दाखवायला सांगा आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. पान हरवतं.