नांदूरमध्यमेश्वर आणि सलीम अली

चांदवडला पाहुणा आला की आम्ही त्याला अहिल्यादेवींचा रंगमहाल दाखवतो, रेणुकामातेच्या मंदिराची वाट सांगतो. लासलगाव, विंचूर ओलांडून नांदूरमध्यमेश्वरला जा, असे कोणी सुचवत नाही. वास्तविक तोही इतिहासच आहे.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा घातला, तो पक्ष्यांसाठी नव्हे. दुष्काळी मुलखाला कालव्याने पाणी द्यायचे होते. कोपरगाव-राहात्याचा ऊस त्याच पाण्यावर वाढला. पुढे जलाशयात गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच, आणि शेतकऱ्याच्याही. पण त्या गाळाची बेटे झाली, उथळ पाण्यात वनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बदके, चक्रवाक उतरू लागले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. (रामसर हे इराणमधले शहर. पाणथळींचा करार 1971 मध्ये तिथे झाला. कोणी रामाचे सरोवर समजू नये.)

या जागेला डॉ. सलीम अलींनी 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हटले, असे इथे सगळेच सांगतात. मनोऱ्यावर ते ऐकून माझ्या भाच्याने हळूच विचारले, "मामू, हे आपल्यातले होते?"

होय बेटा, मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातले. मला त्याच्या प्रश्नापेक्षा त्या हळू आवाजाचे वाईट वाटले. आपण मुलांना बादशहांची नावे पाठ करून घेतो, आणि हा माणूस राहून जातो.

लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग होता. असला पक्षी मुसलमानाने खावा की नाही, अशी शंका आली. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडले. तिथे भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडली आणि एका मुलाचे आयुष्य ठरून गेले. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले.

बादशहांनाही त्यांनी सोडले नाही, पण तलवारीसाठी नव्हे. मुघलांच्या निसर्गनिरीक्षणावर त्यांनी 1920 च्या दशकात लेखमाला लिहिली. जहांगीराने सारसांची जोडी पाळली होती. नर-मादी अंड्यांवर आळीपाळीने कसे बसतात, हे तो स्वतः पाहून लिहून ठेवत असे. भाच्याला मी हेही सांगितले. तेव्हा तो दुर्बीण मागू लागला.