कच्चे रेखाटन

कच्चे रेखाटन म्हणजे मनातील कल्पना अंतिम चित्रात उतरवण्यापूर्वी चित्रकाराने केलेले प्राथमिक रेखाचित्र होय. चित्राची मांडणी, प्रमाणे आणि आशय यांविषयीचे बहुतेक निर्णय या अवस्थेत होतात.

टप्पे

प्रथम एकाच कल्पनेची अनेक लहान, झटपट रेखाटने केली जातात. त्यांत बारकावे नसतात. मुख्य आकार, मोकळी जागा आणि छायाप्रकाश यांची विभागणी तेवढी पाहिली जाते. लहान आकारात रचनेतील असमतोल चटकन लक्षात येतो आणि नको असलेली मांडणी टाकून देणे सोपे जाते. निवडलेल्या रचनेसाठी शरीराची ठेवण, हात, चेहरे व वस्त्रांच्या चुण्या यांचा प्रत्यक्ष पाहून अभ्यास केला जातो. रेखाटन मोठे करताना मूळ कागदावर आणि मोठ्या पृष्ठभागावर सारख्याच संख्येचे चौकोन आखून एकेका चौकोनातील रेषा उतरवतात. शेवटी शाईने रेषा पक्क्या करून पेन्सिलीच्या खुणा खोडल्या जातात.

भित्तिचित्रे

अजिंठा लेण्यांतील चित्रकारांनी मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन त्यावर गेरूच्या तांबड्या रेषेने आराखडा काढला. रंग भरल्यावर बाह्यरेषा गडद रंगात पुन्हा रेखली जाई. त्यामुळे पूर्ण झालेल्या चित्रात पहिली रेषा रंगाखाली झाकली जाते.

कल्पनेतील बदल

कच्च्या रेखाटनात ठरलेली गोष्ट अखेरपर्यंत टिकतेच असे नाही. पाब्लो पिकासो यांच्या ‘गेर्निका’ (१९३७) या चित्राची चाळीसहून अधिक रेखाटने उपलब्ध आहेत. चित्र रंगवले जात असताना डोरा मार यांनी त्याच्या अवस्थांची छायाचित्रे घेतली. आरंभीच्या अवस्थेत दिसणारी उंचावलेली मूठ अंतिम चित्रात नाही.

व्यंगचित्र

शब्दविरहित व्यंगचित्रात या प्रक्रियेला विशेष महत्त्व असते. शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांची अनेक हास्यचित्रे मथळ्याविना आहेत. ‘मोहिनी’ मासिकाच्या १९५२ च्या दिवाळी अंकावरील त्यांच्या गाजलेल्या मुखपृष्ठात तरुण व तरुणी यांपैकी एकाच्या कपड्यावर मांजरांची, तर दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची नक्षी आहे. येथे नक्षी ही सजावट नसून विनोदाचा आधार आहे. ती अस्पष्ट राहिली किंवा इतर तपशिलांत हरवली, तर विनोद पोहोचत नाही. म्हणून अशा चित्रात काय काढावे याइतकेच काय वगळावे हेही आधी ठरवावे लागते.

शिक्षण

महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांत (एलिमेंटरी व इंटरमिजिएट) स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा समावेश असतो. स्मरणचित्रात समोर नमुना नसताना, ठरावीक वेळेत, दिलेल्या विषयावर प्रसंग रचावा लागतो. त्यामुळे शालेय विद्यार्थ्यांना कल्पना सुचण्यापासून पूर्ण चित्रापर्यंतच्या प्रक्रियेचा परिचय होतो.