ट्रेलरचे हवेचे पाईप : लाल तुटला तर गाडी थांबते, पिवळा मात्र घाटात दगा देतो

गोंदिया : राष्ट्रीय महामार्ग ५३ वर देवरी, कोहमारा पट्ट्यातून रायपूर-नागपूरचे ट्रेलर रात्रंदिवस धावतात. जिल्ह्यातील गावोगावची पोरं अशा गाड्यांवर चालक, क्लीनर आहेत. या गाड्यांचा ब्रेक हवेवर चालतो आणि पुढच्या गाडीतली हवा मागच्या ट्रेलरपर्यंत नेतात ते दोन पाईप. टायर रोज पाहिले जातात, पाईप मात्र फुटल्यावरच आठवतात.

दोन पाईप, दोन कामं

लाल पाईप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो. तो तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, गाडी जागेवर थांबते. पिवळा पाईप चालकाने ब्रेक दाबल्याचा इशारा मागे पोहोचवतो. तो फाटलेला असला तरी सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. ब्रेक दाबला तेव्हाच हवा सुटते आणि ट्रेलर नीट धरत नाही. देवरी तालुक्यातल्या मासुलकसा घाटात, मागे भरलेला माल असताना हे कळलं तर वेळ निघून गेलेली असते.

रोजची तपासणी

१) गाडी सपाट जागी लावावी, चाकांना लाकडी गुटके लावावे.
२) पाईप कुठे घासतो, लोंबतो, भेगाळला किंवा फुगला आहे का ते हाताने चाचपून पाहावं. वळणावर ताण येतो का तेही पाहावं.
३) हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावं. एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने जोडांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले म्हणजे गळती.
४) ब्रेक दाबलेला असताना १ मिनिट काटा पाहावा. अमेरिकेत ट्रेलरसह गाडीला मिनिटाला ४ पीएसआय, म्हणजे साधारण पाव बार, एवढाच उतार चालतो. आपल्याकडेही हा अंदाज कामी येतो.

सफाई कशी करावी

चिखल, कोंडा, ग्रीस साबणाच्या पाण्याने धुवून कोरडं पुसावं. डिझेल, रॉकेल लावू नये, त्याने रबर फुगतं. जोडाचं तोंड कोरड्या फडक्याने पुसून आतलं रबरी वायसर पाहावं, चिरलं असेल तर बदलावं. पाईप काढून ठेवताना तोंड झाकावं, नाहीतर आत गेलेली धूळ व्हॉल्व्हमध्ये अडकते.

पाईप काढण्याआधी हँडब्रेक आणि गुटके लावलेच पाहिजेत. काढताना आधी लाल, मग पिवळा. जोडताना आधी पिवळा, लाल शेवटी.

दिवसाअखेर टाकीचा कॉक उघडून पाणी काढावं. पावसाळ्यात ते जास्त साचतं, त्याने व्हॉल्व्ह गंजतात. पाण्यासोबत ऑईल जास्त आलं तर कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर मिस्त्रीला दाखवावा.

हे करू नये

फाटलेल्या पाईपला ट्यूबची पट्टी, तार गुंडाळून गाडी पुढे नेऊ नये. हवेच्या दाबापुढे ती टिकत नाही. ब्रेकचा स्प्रिंगवाला डबा घरी खोलू नये, आतली स्प्रिंग उसळली तर जीव जातो. हवेची नळी कुणाच्या अंगावर धरू नये.

घाट उतरण्याआधी हळू वेगात एकदा ब्रेक मारून पाहावा. ट्रेलर ढकलतो असं वाटलं किंवा हवा कमी झाल्याचा बझर वाजला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मालकाला फोन करावा. फेरीला उशीर झाला तरी चालेल, पण अशी गाडी घाटात उतरवू नये.