ख्रिस्तपट ते कृष्णजन्म

ख्रिस्ताचा जन्म, चमत्कार, क्रूस आणि पुनरुत्थान पडद्यावर दाखवणारा ख्रिस्तपट हा सिनेमाच्या बाल्यातला हुकमी माल होता. फ्रान्सच्या पाथे कंपनीने 1902 पासून त्यात नवनवे देखावे भरत नेले आणि काही प्रती साचे लावून रंगवल्या. खेळवाल्याला हवे तेवढे देखावे सुटे विकत घेता येत. गोमाँ कंपनीसाठी आलिस गी या दिग्दर्शिकेने 1906 साली 25 देखाव्यांचा ख्रिस्तपट केला, तो जेम्स तिसो यांच्या बायबल-चित्रांवरून. देखाव्यांतून कथा सांगायची ही रीत सिनेमाहून कितीतरी जुनी. वसई-विरारच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळला गोठा मांडतात, तोही त्याच रीतीचा: गव्हाणीत बाळ, भोवती मेंढपाळ आणि तीन राजे. पडद्यावर ते हलू लागले, आणि त्या हालचालीवरच तिकिटे खपत.

मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये असाच एक ख्रिस्तपट धुंडिराज गोविंद फाळके यांनी पाहिला. ‘नवयुग’ मासिकातल्या 1917 च्या लेखात ते नाताळातला शनिवार सांगतात, पुढच्या काही अभ्यासकांनी 1911 चा ईस्टर धरला आहे. दोन्ही सण ख्रिस्तपटाच्या हंगामाचेच. ख्रिस्त पाहता पाहता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. तसे चित्र आपणही काढायचे म्हणून विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. नुसत्या चित्रपटावर भिस्त नव्हती. त्याच खेळात नाच होता आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही. खरी अडचण दराची होती. दोन आण्यांत रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक दीड तासाला तीन आणे का मोजेल? म्हणून जाहिरातीत 57,000 छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही अवघ्या तीन आण्यांत, अशी दवंडी पिटली गेली. फिल्म होती सुमारे 3,700 फूट, म्हणजे पाऊण मैलही नाही. मात्र फुटाला 16 चौकटी धरल्या, तर छायाचित्रांचा आकडा बराचसा खरा निघतो. फुगवला तो मैलांचा.

सणाचा हंगाम गाठण्याची ख्रिस्तपटाची रीत पुढे देवादिकांच्या चित्रपटांनाही मानवली. फाळक्यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो ऑगस्ट 1918 मध्ये, गोकुळाष्टमीच्या तोंडावर.