स्तन-पुनर्रचना आणि पुनरुद्भवाची शंका

स्तन पुन्हा घडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा १८९५ पासून सांगितला जातो. त्या वर्षी हायडेलबर्गचे शल्यविशारद चेर्नी यांनी एका स्त्रीच्या कमरेजवळील मेदाची गाठ काढून तिच्या स्तनातील रिकाम्या जागी बसविली. परंतु त्या स्तनातील व्याधी कर्करोगाची नव्हती, ही गोष्ट हे उदाहरण देणारे पुष्कळदा विसरतात. प्रस्तुत विषयात महत्त्व आहे ते तिलाच. कारण कर्करोगात रोग परतण्याची शंका प्रत्येक उपायाच्या आड येते.

या शंकेला मोठा अधिकार मिळवून दिला तो बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडने. १८९४ मध्ये त्याने विशद केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथीही काढून टाकीत. शेजारची त्वचा फिरवून जखम झाकण्यास त्याचा विरोध होता. झाकणाखाली रोग दडून राहील, ही त्याची भीती. १९०६ मध्ये पाव्हियाच्या तान्सिनीने पाठीचा स्नायू त्वचेसह पुढे वळवून तीच जखम झाकण्याची रीत वर्णिली. हॉल्स्टेडच्या प्रभावापुढे ती विस्मृतीत गेली आणि १९७० नंतरच पुन्हा हाती घेण्यात आली. मधल्या काळातील स्त्रियांनी या विस्मृतीचे मोल दिले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मेदाच्या बाबतीतही तेच घडले. सुईने मेद स्तनात घालण्यास अमेरिकेतील प्लास्टिक शल्यविशारदांच्या संस्थेने १९८७ मध्ये विरोध दर्शविला. मृत मेदात साचणारे चुन्याचे कण क्ष-किरण चित्रात कर्करोगाचा भास करतील, हा आक्षेप होता. २००९ मध्ये ही भूमिका सैल झाली. शंका हॉल्स्टेडचीच, वेश मात्र निराळा.

लँगर व व्हकँटी यांनी १९९३ मध्ये ऊति-अभियांत्रिकीची मांडणी केली, तेव्हा अडचण दुसरीच दिसत होती. मेदाचा मोठा गोळा रक्तवाहिन्यांवाचून जगत नाही. कडेच्या पेशी तगतात, मधल्या प्राणवायूअभावी मरतात. २००१ मध्ये झुक व सहकाऱ्यांनी शरीरातून शोषून काढलेल्या मेदातच मेद, अस्थी, कूर्चा यांत रूपांतर होऊ शकणाऱ्या पेशी दाखविल्या. पुढे मेलबर्नमध्ये मॉरिसन व सहकाऱ्यांनी सच्छिद्र पोकळ घुमट छातीत बसवून, त्यात रक्तवाहिनीसह मेदाचा लहान तुकडा वाढू दिला. पाच स्त्रियांवरील या प्रयोगाचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकीच्या बाबतीत सुमारे २१० मिलिलिटर ऊती तयार झाली. इतरांत असे यश आले नाही.

येथे जुनी शंका अधिक गंभीर रूपाने परतते. नव्या रक्तवाहिन्यांना आणि पेशींना वाढीस लावणारे घटक जवळच सुप्त राहिलेल्या कर्कपेशीलाही जागवू शकतील. प्रयोगशाळेत मेदजन्य मूलपेशींच्या सान्निध्यात कर्कपेशी अधिक वाढल्याचे आढळले आहे. उलट, मेद-रोपण झालेल्या रुग्णांच्या निरीक्षणांत पुनरुद्भवाचे प्रमाण एकंदरीत वाढलेले दिसत नाही. हॉल्स्टेडपाशी शंकेला आधार तर्काचा होता. आज दोन्ही बाजूंस पुरावा आहे, पण तो एकाच प्रश्नाचा नव्हे. शोषून घातलेला मेद आणि मुद्दाम वाढीस लावलेली ऊती या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय हा रोग कित्येकदा दहा वर्षांनंतरही परततो, आणि पाच स्त्रियांच्या प्रयोगावरून त्याविषयी काहीच म्हणता येत नाही.