कॅनेडियन फुटबॉल लीगमधील खेळाडू निवड पद्धती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९३५ साली विनिपेगच्या संघाने हॅमिल्टनचा १८-१२ असा पराभव करून ग्रे चषक जिंकला. पश्चिमेकडील संघाच्या या पहिल्याच अजिंक्यपदात अमेरिकेतून आणलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. परिणामी १९३६ मध्ये कॅनेडियन रग्बी युनियनने अशा खेळाडूंवर निर्बंध घातले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या कॅनेडियन फुटबॉल लीगनेही देशी खेळाडूंसाठी जागा राखून ठेवल्या. साहजिकच विद्यापीठीय खेळाडूंच्या वार्षिक ‘ड्राफ्ट’ला महत्त्व प्राप्त झाले. १९८४ पर्यंत संघांना आपल्या प्रदेशातील काही खेळाडू निवडीपूर्वीच राखून ठेवता येत. १९८५ मध्ये ही सवलत रद्द झाल्याने संघांमधील समानता वाढली. तथापि खेळाडूस स्वतःचा संघ निवडण्याचे स्वातंत्र्य लाभले नाही. संरक्षण व स्वातंत्र्य यांतील हा अंतर्विरोध या पद्धतीच्या मुळाशीच आहे.